फसवणूक करणाऱ्या फुटबॉल क्लबांना कठोर शिक्षा व्हावी का?

मध्यरेषा (धागालेखक)

आधी माझं मत सांगून टाकतो. क्लबने फसवणूक केली हे सिद्ध झालं, तर शिक्षा पैशात नको, गुणतक्त्यात हवी. तीही इतकी जड हवी की हिशेब मांडून बसणाऱ्या मालकाला फसवणूक परवडूच नये.

माझ्या मनात हे पक्कं झालं ते इंग्लंडच्या वेस्ट हॅम क्लबच्या प्रकरणावरून. २००६ मध्ये त्यांनी कार्लोस तेवेझ आणि हाविएर मास्केरानो यांना घेतलं. दोघांचे आर्थिक हक्क बाहेरच्या कंपन्यांकडे होते आणि त्या करारांची खरी माहिती क्लबने लीगपासून लपवली. एप्रिल २००७ मध्ये निकाल लागला. ५५ लाख पौंड दंड झाला, गुण एकही कापला नाही. तेवेझ खेळत राहिला. १३ मे रोजी, मोसमाच्या शेवटच्या दिवशी, त्याच्याच गोलवर वेस्ट हॅमने ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेडविरुद्ध १-० असा विजय मिळवला आणि प्रीमियर लीगमधलं स्थान राखलं. शेफील्ड युनायटेड त्याच दिवशी विगनकडून हरलं आणि खालच्या श्रेणीत गेलं.

अंतिम तक्ता बघा. वेस्ट हॅम ४१ गुण, विगन ३८, शेफील्ड ३८. वेस्ट हॅमचा गोलफरक उणे २४, शेफील्डचा उणे २३. गुण सारखे झाले की गोलफरक बघतात, म्हणजे वेस्ट हॅमचे फक्त ३ गुण कापले असते, तरी शेफील्ड वाचलं असतं. पुढच्या वर्षी लवादाने शेफील्डच्या बाजूने कौल दिला आणि २००९ मध्ये दोन्ही क्लबांत पैशांची तडजोड झाली. पण शेफील्डला प्रीमियर लीग पुन्हा दिसली ती थेट २०१९ मध्ये. मधल्या काळात तिसऱ्या श्रेणीपर्यंत त्यांची घसरण झाली होती. त्याची भरपाई कुठल्या रकमेने होते?

दंड भरून माल घरी नेता येत असेल, तर ती शिक्षा नव्हे, किंमत झाली. तुमची मतं सांगा, विरोधी असतील तर जरूर सांगा.

---

दक्षिणस्टँड

वेस्ट हॅमबद्दल शंभर टक्के सहमत. पण गुणकपात म्हणजे न्याय, हे समीकरण इतकं सरळ नाही. शिक्षा कोणाला लागते तेही बघा.

ल्युटन टाउन घ्या. २००८-०९ चा मोसम त्यांनी उणे ३० गुणांवर सुरू केला. त्यातले १० गुण फुटबॉल असोसिएशनने कापले होते, एजंटांना नियमाबाहेर पैसे दिल्याबद्दल. उरलेले २० फुटबॉल लीगने कापले, दिवाळखोरीतून बाहेर पडताना ठरलेली प्रक्रिया पाळली नाही म्हणून. हे सगळं घडलं जुन्या मालकांच्या काळात. शिक्षा सुरू झाली तोवर क्लब नव्या लोकांच्या हातात होता आणि त्यांत क्लबचे समर्थकच पुढे होते. बुडणारा क्लब त्यांनी सावरायला घेतला आणि त्यांच्या हातात पडला हा उणे ३० चा तक्ता. त्या मोसमात ल्युटन व्यावसायिक लीगमधूनच बाहेर फेकलं गेलं आणि परत यायला २०१४ उजाडलं.

ज्यांनी पैसे वाटले ते गेले. ज्यांनी वर्षानुवर्षं तिकिटं काढली, ते राहिले आणि त्यांनीच भोगलं. शिक्षा कठोर हवी म्हणताना हे प्रकरण मला विसरता येत नाही.

---

कॉर्नरवाला

पण दक्षिणस्टँड, मालक बदलला की शिक्षा माफ, असं ठरलं तर? प्रत्येक लबाड मालक पकडला जायच्या आत क्लब विकून मोकळा होईल. नवा मालक घेताना वह्या तपासतो, किंमत कमी करून घेतो. शिक्षा क्लबच्या नावावर राहायलाच हवी.

---

दक्षिणस्टँड

माफी मागतच नाही मी. प्रमाण मागतोय. एजंटांच्या १० गुणांबद्दल माझी तक्रार नाही. एकाच क्लबवर दोन संस्थांनी एकाच मोसमात मिळून ३० गुणांचा बोजा टाकला आणि एकूण परिणाम काय होईल याचा विचार कोणीच केला नाही, याबद्दल आहे.

---

साक्षेपी

कायद्याच्या बाजूने थोडं लिहिते.

शिक्षा जितकी कडक, तितका पुरावा भक्कम लागतो आणि तितकी लढाई लांबते. मँचेस्टर सिटीवर युएफाने, म्हणजे युरोपीय फुटबॉल संघटनेने, आर्थिक नियम मोडल्याबद्दल फेब्रुवारी २०२० मध्ये युरोपीय स्पर्धांची दोन वर्षांची बंदी घातली, वर ३ कोटी युरो दंड. जुलैमध्ये लोझानच्या क्रीडा लवादाने बंदी रद्द केली. आरोपांपैकी बहुतेक एक तर सिद्ध झाले नाहीत किंवा युएफाच्याच नियमातल्या पाच वर्षांच्या मुदतीबाहेरचे निघाले. उरला तो चौकशीला सहकार्य न केल्याचा ठपका आणि १ कोटी युरो दंड.

नंतर फेब्रुवारी २०२३ मध्ये प्रीमियर लीगने त्याच क्लबवर शंभराहून जास्त नियमभंगांचे आरोप ठेवले. त्यातले सर्वांत जुने २००९-१० च्या मोसमातले. सुनावणी सुरू झाली सप्टेंबर २०२४ मध्ये. क्लबने सगळे आरोप नाकारलेत आणि सिद्ध होईपर्यंत त्यांना दोषी म्हणायचा अधिकार आपल्याला नाही. मला दाखवायचंय ते अंतर. २००९ च्या मोसमातल्या गोष्टीची सुनावणी २०२४ मध्ये! क्लब निर्दोष असेल तर इतकी वर्षं संशयाखाली राहणं अन्यायाचं, आणि दोषी असेल तर त्या काळात दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर राहिलेल्यांवर अन्याय. दोन्हीकडून नुकसानच.

म्हणून माझ्या दृष्टीने 'किती कठोर' हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न 'किती लवकर'.

---

मध्यरेषा

साक्षेपीताई, हा मुद्दा माझ्या मूळ लेखात यायला हवा इतका महत्त्वाचा आहे. आणि लवकर करता येतं, हे पॅरिस ऑलिंपिकमध्ये दिसलं. कॅनडाच्या महिला संघाच्या कर्मचाऱ्याने न्यूझीलंडच्या सरावावर ड्रोन उडवला. जुलै २०२४ ची गोष्ट. प्रकार उघड झाल्यापासून आठवड्याच्या आत फिफाने ६ गुण कापले, प्रशिक्षक बेव्ह प्रीस्टमनवर एक वर्षाची बंदी घातली, २ लाख स्विस फ्रँक दंड लावला. लवादाकडचं अपीलही स्पर्धा चालू असतानाच निकाली निघालं. राष्ट्रीय संघ आहे, क्लब नाही, हे मान्य. पण यंत्रणा तीच आणि नियमही तसेच.

---

जाळीमागे

त्या संघाच्या मुलींनी पुढे काय केलं तेही सांगा ना! तिन्ही साखळी सामने जिंकले, न्यूझीलंड, फ्रान्स, कोलंबिया. ९ गुणांतून ६ गेले तरी ३ गुणांवर उपांत्यपूर्व फेरीत पोचल्या आणि तिथे जर्मनीकडून पेनल्टी शूटआउटमध्ये हरल्या. ड्रोन उडवायचं ठरवलं कोणी, आणि धावावं लागलं कोणाला! मला त्या खेळाडूंबद्दल अतोनात आदर वाटतो. शिक्षा योग्य होती असंही वाटतं. दोन्ही एकाच वेळी वाटतं.

---

रेफरीबुवा

मी पंच म्हणून काम करतो, त्या नजरेतून.

नियम मोडणं आणि फसवणूक करणं यात फरक आहे आणि या चर्चेत तो पुसला जातोय. २०१४ मध्ये पोलंडच्या लेगिया वॉर्सा संघाने चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत सेल्टिकला घरी ४-१ आणि परतीच्या सामन्यात २-० असं धुतलं. परतीच्या सामन्यात शेवटच्या काही मिनिटांसाठी त्यांनी बदली खेळाडू आणला, बार्तोश बेरेशिन्स्की. त्याच्यावर तीन सामन्यांची बंदी होती. तो तीन सामने बाहेर बसलाही होता, पण त्यांतल्या दोन सामन्यांच्या यादीत क्लबने त्याचं नावच नोंदवलं नव्हतं, म्हणून ते दोन धरले गेले नाहीत. युएफाने तो सामना सेल्टिकला ३-० असा बहाल केला. दोन सामने मिळून एकूण ४-४, आणि परक्या मैदानावर जास्त गोल केलेला संघ म्हणून सेल्टिक पुढे. लेगिया बाहेर.

यात लबाडी कुठे आहे? कोणाला फायदा झाला? कारकुनी चुकीला स्पर्धेतून हकालपट्टी आणि तेवेझच्या लपवलेल्या करारांना नुसता दंड. मला राग येतो तो या उलट्या प्रमाणाचा. हेतू, लपवाछपवी आणि मिळालेला फायदा, या तिन्हींवर शिक्षा मोजा. तसं मोजलं तर लेगियाला ताकीद पुरली असती आणि वेस्ट हॅमचे गुण गेले असते.

---

निळीबाजू

मग एव्हर्टनला कुठे बसवाल? प्रीमियर लीगच्या नियमाने तीन वर्षांत १० कोटी ५० लाख पौंडांपर्यंत तोट्याची मुभा होती, आयोगाच्या हिशेबाने त्यांचा तोटा १२ कोटी ४५ लाख भरला. नोव्हेंबर २०२३ मध्ये १० गुण गेले, अपिलात ते ६ झाले, एप्रिलमध्ये दुसऱ्या प्रकरणात आणखी २. त्याच मोसमात नॉटिंगहॅम फॉरेस्टचे ४. फॉरेस्टने मर्यादा ओलांडली होती ३ कोटी ४५ लाखांनी, म्हणजे एव्हर्टनपेक्षा जास्तच, पण त्यांनी लवकर कबुली दिली आणि सहकार्य केलं म्हणून सवलत मिळाली.

मी एव्हर्टनचा समर्थक आहे, त्यामुळे माझं बोलणं एकतर्फी वाटेल. तरी विचारतो: मोसमाच्या मध्यात शिक्षा झाली, वसंतात बदलली, पुन्हा वाढली. तळाशी झगडणाऱ्या प्रत्येक क्लबला तक्ता रोज नव्याने वाचावा लागत होता. आपल्याला किती गुण हवेत, हे कोणालाच माहीत नव्हतं. १० का, ६ का, २ का, हे आधी कुठे लिहिलेलं होतं? शिक्षा कठोर असू द्या, पण तिचं कोष्टक मोसम सुरू व्हायच्या आत छापलेलं असू द्या.

---

रेफरीबुवा

निळीबाजू, यात मी पूर्णपणे तुमच्या बाजूने. जास्त खर्च करणं हा नियमभंग आहे, तो ताळेबंदात उघड दिसतो. खर्च लपवण्यासाठी खोटे करार करणं ही फसवणूक. दोन्हींना वेगळी कोष्टकं हवीत.

---

पाचवीरांग

हेरगिरीचं काय? जानेवारी २०१९ मध्ये लीड्सचा माणूस डर्बीच्या सराव मैदानाबाहेर पकडला गेला. लीड्सचे प्रशिक्षक मार्सेलो बिएल्सांनी पत्रकारांना बोलावून सगळं उघडपणे सांगितलं, मोसमातल्या प्रत्येक प्रतिस्पर्ध्याचा सराव बघितल्याचंही मान्य केलं. क्लबला २ लाख पौंड दंड झाला, तो बिएल्सांनी स्वतःच्या खिशातून भरला. सामन्याआधीच्या ७२ तासांत दुसऱ्याचा सराव बघायचा नाही, हा स्पष्ट नियम त्यानंतर आला.

गुणकपात झाली असती तर मला पटलं नसतं. ज्याला स्पष्ट मनाई लिहिलेली नव्हती, त्याला गुण कसे कापणार? उलट नियम आल्यावर पुन्हा कोणी केलं तर खुशाल कापा.

अमेरिकन फुटबॉलमध्ये २००७ साली न्यू इंग्लंड पेट्रियट्सने प्रतिस्पर्ध्यांच्या खुणांचं चित्रीकरण केलं. प्रशिक्षक बिल बेलिचिकना ५ लाख डॉलर, क्लबला अडीच लाख डॉलर दंड आणि पुढच्या वर्षीच्या खेळाडू निवडीतली पहिल्या फेरीची संधी गेली. त्या मोसमात मात्र ते साखळीतले सगळे १६ सामने जिंकले. तिथे गुण कापण्याची पद्धतच नाही, म्हणून शिक्षा भविष्यावर पडते. ज्यांच्याविरुद्ध ते त्या वर्षी खेळले, त्यांच्या पदरात काहीच पडलं नाही.

---

तुरीनकर

कठोर शिक्षेने फसवणूक थांबते का, यावर कोणी बोललंच नाही. मी युव्हेंटसचा जुना चाहता, म्हणून मीच बोलतो.

२००६ मध्ये फोनवरची संभाषणं बाहेर आली. आमचे सरव्यवस्थापक लुचानो मोज्जी आणि पंचांच्या नेमणुका करणारे अधिकारी यांच्यातली. आम्ही २००५ आणि २००६ ही दोन्ही विजेतेपदं गमावली, इतिहासात पहिल्यांदा सेरी बी मध्ये, म्हणजे इटलीतल्या दुसऱ्या श्रेणीत गेलो. गुणकपात ३० पासून सुरू होऊन अपिलांनंतर ९ वर आली. कान्नावारो, एमर्सन, झाम्ब्रोता, थुराम, इब्राहिमोविच, व्हिएरा निघून गेले. बुफॉन, देल पिएरो, नेदवेद, त्रेझेगे, कामोरानेसी थांबले. शिक्षा योग्य होती, हे मी तेव्हाही म्हणत होतो. पुढचं लीग विजेतेपद २०१२ मध्ये आलं.

आणि त्याच प्रकरणातला मिलान? त्यांना मागच्या मोसमाचे ३० आणि नव्या मोसमाचे ८ गुण गेले, तरी अपिलानंतर चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीचं दार उघडं राहिलं. मे २००७ मध्ये अथेन्सला लिव्हरपूलला हरवून त्यांनी तीच स्पर्धा जिंकली. आम्ही दुसऱ्या श्रेणीत, ते युरोपचे विजेते. मोज्जींचा दोष मोठा होता, हे खरं. पण इतकी दरी?

आता मूळ प्रश्न. इतकं भोगून माझा क्लब सुधारला का? जानेवारी २०२३ मध्ये खेळाडूंच्या अदलाबदलीत फुगवलेल्या किमती दाखवल्याबद्दल १५ गुण गेले, एप्रिलमध्ये ते परत मिळाले, मे महिन्यात फेरविचारानंतर १० गेले. वर युएफाने एका मोसमासाठी युरोपमधून बाहेर काढलं. सतरा वर्षांनी पुन्हा तेच लाजिरवाणं पान. सेरी बी मध्ये गेलेल्या क्लबला जर आठवण राहत नसेल, तर केवळ कठोरपणावर विसंबून चालणार नाही.

---

कॉर्नरवाला

तुरीनकर, तुमची कळकळ पोचली. पण एक विचारू? पंचांशी संगनमत पुन्हा झालं का? नाही. दुसरा प्रकार झाला, हिशेबाचा. माझ्या मते २००६ ची शिक्षा ज्या गुन्ह्यासाठी होती, त्या गुन्ह्यापुरती लागू पडली.

---

तुरीनकर

असेलही. व्यवस्थापनातली माणसं बदलली आणि नव्यांना वाटलं, ते पाप आपलं नव्हतं. म्हणून मी म्हणतो, क्लबच्या गुणांइतकीच माणसांवरची बंदी महत्त्वाची. मोज्जींना आधी पाच वर्षं आणि नंतर कायमचं दूर ठेवलं, ते मला गुणकपातीइतकंच मोलाचं वाटतं. क्लब सोडून दुसऱ्या क्लबमध्ये जाऊन तेच करण्याची वाट बंद झाली.

---

जाळीमागे

खेळाडू पेनल्टी मिळवायला खोटं पडतात, त्याबद्दल क्लबला शिक्षा का नको? तीही फसवणूकच.

---

रेफरीबुवा

ती फसवणूक आहे, पण मैदानावरची, आणि तिला पिवळं कार्ड आहे. क्लबला ओढलं तर प्रत्येक सामन्यानंतर सुनावण्या लागतील. २००९ मध्ये आर्सेनलच्या एदुआर्दोवर सेल्टिकविरुद्ध खोटं पडल्याबद्दल युएफाने दोन सामन्यांची बंदी घातली आणि अपिलात तीही टिकली नाही. खेळाडूच्या मनात काय होतं हे सिद्ध करणं फार अवघड.

---

ओजस्विनी

सगळ्यांनी क्लब, मालक, चाहते यांच्याबद्दल लिहिलं. फसवणूक उघड करणाऱ्याचं काय होतं, ते कोणीतरी लिहायला हवं.

मे १९९३. मार्सेल या फ्रेंच क्लबला सहा दिवसांनी म्युनिकमध्ये मिलानविरुद्ध चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना खेळायचा होता. त्याआधी लीगमध्ये व्हालेन्सिएनशी सामना. व्हालेन्सिएनच्या तीन खेळाडूंना निरोप गेला: जोर लावू नका, आमच्या माणसांना दुखापत करू नका, पैसे मिळतील. तिघांपैकी जाक ग्लासमनने नकार दिला. आपल्या प्रशिक्षकाला सांगितलं आणि मध्यंतरात प्रकरण पंचांच्या कानावर गेलं. पुढे त्या तिघांपैकीच क्रिस्तोफ रोबेरच्या नातेवाइकांच्या बागेत पुरलेले अडीच लाख फ्रँक सापडले. मार्सेलचं लीग विजेतेपद गेलं, क्लब दुसऱ्या श्रेणीत गेला, अध्यक्ष बेर्नार तापी तुरुंगात गेले.

आणि ग्लासमन? फ्रान्सच्या मैदानांवर प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. ज्याने पैसे नाकारले, त्याचीच! त्याचा क्लब त्याच मोसमात खाली गेला. फिफाने १९९५ मध्ये त्याला फेअर प्ले पुरस्कार दिला, पण तोवर त्याच्या कारकिर्दीचे चांगले दिवस सरले होते.

तुम्ही उणे ३० करा, हकालपट्टी करा, काहीही करा. ग्लासमनसारखा माणूस बोललाच नाही, तर कोणालाही शिक्षा होणार नाही. आतून माहिती देणाऱ्या खेळाडूला करार टिकण्याची हमी हवी, दुसऱ्या क्लबमध्ये जाण्याची मोकळीक हवी, दंडाच्या रकमेतून त्याच्या नुकसानीची भरपाई हवी. आणि क्लबने स्वतःहून कळवलं तर गुणकपातीत घसघशीत सूट. शिक्षेच्या कठोरपणाइतकंच पकडलं जाण्याचं भय खरं असायला हवं.

---

दक्षिणस्टँड

ओजस्विनी, ही बाजू मांडल्याबद्दल मनापासून आभार. दंडाचे पैसे संस्थेच्या तिजोरीत न जाता ज्याचं नुकसान झालं त्याच्याकडे जावेत, हे मला सगळ्यात पटलं.

---

मध्यरेषा

आतापर्यंतच्या चर्चेने माझं मत मवाळ झालेलं नाही, पण नेमकं झालंय.

नुकसान झालेल्याला त्याच वर्षी न्याय मिळू शकतो, याचं एक उदाहरण देतो. १९९० मध्ये इंग्लंडच्या स्विंडन टाउनने प्लेऑफच्या (बढतीसाठीच्या बाद फेरीच्या) अंतिम सामन्यात संडरलंडला हरवून पहिल्या श्रेणीत जागा मिळवली. काही दिवसांतच खेळाडूंना बेकायदा पैसे दिल्याबद्दल लीगने त्यांना दोन श्रेणी खाली ढकललं. अपिलानंतर ते दुसऱ्या श्रेणीतच राहिले, पण बढती गेली ती गेलीच, आणि संडरलंडला ती जागा मिळाली. सगळं पुढचा मोसम सुरू व्हायच्या आत. वर चढणं हाच फायदा होता, तोच काढून घेतला. दक्षिणस्टँड, यात क्लब बुडालाही नाही. तीन वर्षांनी स्विंडनने मैदानावर खेळून बढती मिळवली.

युएफाच्या नियमातही एक गोष्ट घेण्यासारखी आहे. एप्रिल २००७ नंतर मॅच फिक्सिंगमध्ये गुंतलेला क्लब त्यांच्या स्पर्धांना एका मोसमासाठी आपोआप अपात्र ठरतो. वाटाघाटीला जागाच नाही. निळीबाजूंना हवं असलेलं कोष्टक असंच असतं.

---

साक्षेपी

स्विंडनचं उदाहरण चांगलं, कारण क्लबने आरोप बहुतांशी मान्य केले होते. जिथे क्लब प्रत्येक कागदासाठी लढतो, तिथे हे वेळापत्रक टिकत नाही. म्हणून कागद न देण्यालाच स्वतंत्र गुणकपात हवी. सहकार्य न करण्याचा दंड जर केवळ पैशात असेल, तर श्रीमंत क्लबला टाळाटाळ फायद्याची ठरते.

---

पाचवीरांग

मला एक छोटी शंका. विजेतेपद काढून घेतलं, तर ते दुसऱ्या क्रमांकाला द्यावं का?

---

तुरीनकर

नाही. २००६ चं आमचं विजेतेपद इंटर मिलानला दिलं. २०११ मध्ये फेडरेशनचे फिर्यादी स्तेफानो पालाझी यांनी इंटरच्या त्या काळातल्या वर्तनावरही अहवालात ठपका ठेवला, पण कारवाईची मुदत संपली होती. ती सुनावणी कधी झालीच नाही, त्यामुळे इंटरला दोषी म्हणता येत नाही आणि आमच्या लोकांच्या मनातली अढीही जात नाही. फ्रान्समध्ये १९९३ चं विजेतेपद कोणालाच दिलं नाही. दुसऱ्या क्रमांकावरचं पॅरिस सेंट जर्मेनही ते घ्यायला तयार नव्हतं. नोंदवहीत त्या वर्षापुढची जागा रिकामी आहे आणि मला तेच बरोबर वाटतं. बढती-घसरणीचं वेगळं, तिथे जागा कोणाला तरी द्यावीच लागते, आणि ती संडरलंडसारखी लगेच द्यावी.